अग्नोदिकेची कैफियत

प्राचीन ग्रीसमधील पहिली स्त्री-वैद्य म्हणून जिचे नाव वैद्यकाच्या इतिहासांतून आजही आदराने घेतले जाते, त्या अग्नोदिकेच्या अस्तित्वाचा सगळा लेखी पुरावा एका लॅटिन पुस्तकातील एका परिच्छेदात सामावलेला आहे. तिचे आईबाप कोण, ती कोठे वाढली, किती वर्षे जगली, तिच्यामागे तिची विद्या कोणी चालविली, याविषयी त्या परिच्छेदात चकार शब्द नाही. आणि आपल्या पूर्वसूरींची नावे उद्धृत करण्याची ज्यांना मोठी हौस होती, त्या पुढच्या काळातील ग्रीक व रोमन वैद्यांच्या उपलब्ध ग्रंथांतही तिचा कोठे उल्लेख नाही. असे असूनही सुमारे चारशे वर्षे युरोपातील स्त्रिया वैद्यकविद्येवरील आपला हक्क मांडताना याच परिच्छेदाचा दाखला देत आल्या. ज्या कागदाच्या आधारावर दिवाणी अदालतीत हातभर जमिनीचा दावाही टिकला नसता, त्याने इतक्या मोठ्या फिर्यादीत इतका दीर्घकाळ साक्ष द्यावी, यामागे काही कारण असले पाहिजे, आणि ते शोधण्यापूर्वी ती कथा नीट ऐकून घेतली पाहिजे.

कथा अशी की, प्राचीनांच्या काळी सुइणी नव्हत्या. अथेन्सच्या कायद्याने गुलामांना आणि स्त्रियांना वैद्यक शिकण्यास मज्जाव केलेला होता, आणि परपुरुषाला अंग दाखविण्यापेक्षा मरण पत्करलेले बरे, या लज्जेपायी अडलेल्या बायका वैद्याला जवळ येऊ न देता प्राण सोडीत. अशा त्या नगरीत अग्नोदिके नावाच्या एका कुमारिकेला वैद्यक शिकण्याचा ध्यास लागला. तिने आपले केस कापले, पुरुषाचा वेष चढविला, आणि हेरोफिलस नावाच्या कोणा एका वैद्याकडे ती शिष्य म्हणून राहिली. विद्या पुरी झाल्यावर एखादी बाई वेणा देत आहे असे कानांवर आले की ती तिच्याकडे जाई. बाई अर्थातच या परक्या तरुणाला हात लावू देत नसे. तेव्हा अग्नोदिके आपला अंगरखा वर उचलून आपण स्त्री असल्याची तिची खात्री पटवी, आणि मग उपचाराला कोणाची हरकत उरत नसे.

हळूहळू अथेन्सच्या वैद्यांच्या असे ध्यानी आले की, बायकांच्या दुखण्यांसाठी आपल्याला कोणी बोलावीनासे झाले आहे. धंद्यात खोट आली की नीतीची चाड उत्पन्न होते, हा अनुभव केवळ अथेन्सचा नव्हे. त्यांनी तक्रार गुदरली की, हा मिसरूड न फुटलेला पोरगा वैद्य नसून बायकांना नादी लावणारा लफंगा आहे, आणि बायकाही त्याच्यासाठी आजारपणाची सोंगे करीत आहेत. अरिओपागस या न्यायसभेचे पंच जमले आणि आरोपीला दोषी ठरविण्याच्या बेतात आले. तेव्हा अग्नोदिकेने त्या वृद्ध न्यायाधीशांसमोर पुन्हा एकदा आपला अंगरखा वर उचलला. पहिला आरोप तेथल्या तेथे निकालात निघाला, पण त्याच क्षणी दुसरा उभा राहिला, कारण ती पुरुष नसेल तर स्त्री होती, आणि स्त्रीने वैद्यक करणे हाच गुन्हा होता. वैद्य पहिल्यापेक्षा अधिक जोराने फिर्याद चालवू लागले. शेवटी शहरातील बड्या घरच्या स्त्रिया न्यायसभेत येऊन थडकल्या, आणि आमचे प्राण वाचविण्याचा मार्ग जिने शोधून काढला तिलाच तुम्ही शिक्षा करीत असाल तर तुम्ही आमचे पती नसून वैरी आहात, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी आपापल्या यजमानांना सुनावले. अथेन्सवासीयांनी कायद्यात दुरुस्ती केली आणि कुलीन, स्वतंत्र स्त्रियांना वैद्यक शिकण्याची मुभा दिली. गुलामांवरील बंदीचे पुढे काय झाले, याबद्दल कथा मौन धारण करते. दुरुस्ती झाली ती स्वतंत्र स्त्रियांपुरती, आणि ही गोष्ट कथेच्या चाहत्यांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

हा मजकूर ज्या पुस्तकात आहे ते हायजिनस या नावाने चालत आलेले पुराणकथांचे एक बाड आहे. सम्राट ऑगस्टसच्या पदरी असलेला, त्याने दास्यमुक्त केलेला आणि पॅलेटाइन टेकडीवरील ग्रंथालयाचा अधिकारी झालेला गायस जूलियस हायजिनस हाच त्याचा कर्ता, असे पूर्वी मानीत. आज बहुतेक पंडित ते मानीत नाहीत. पुस्तकातील 274 व्या प्रकरणात कोणत्या गोष्टीचा शोध कोणी लावला याची एक यादी आहे. द्राक्षासवात पाणी मिसळण्याची चाल कोणी पाडली, घोड्याचा लगाम कोणी शोधून काढला, अशा नोंदींच्या रांगेत वैद्यकाची पाळी येते. नराश्व कायरॉनने वनस्पतींच्या साहाय्याने शल्यचिकित्सा सुरू केली, अपोलो देवाने नेत्रचिकित्सा, तर त्याचा पुत्र अस्क्लेपिअस याने रुग्णशय्येपाशी बसून करावयाची चिकित्सा, असे सांगून झाल्यावर अग्नोदिकेची कथा येते. एक अर्धा घोडा, एक देव आणि एक देवपुत्र यांच्या पंक्तीला तिचे पान मांडलेले आहे, ही गोष्ट तिच्या ऐतिहासिकतेचा विचार करताना विसरून चालणार नाही.

पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचले तेही केवळ सुदैवाने. इ.स. 900 च्या सुमारास लिहिलेली त्याची एकच हस्तलिखित पोथी जर्मनीतील फ्रायझिंग येथे उरली होती. याकोब मिकिलस या विद्वानाने तिच्या अनोळखी वळणाच्या अक्षरांशी झगडत तिची छापील आवृत्ती 1535 साली बाझेल येथून काढली. आणि छापखान्याचे काम झाल्यावर मूळ पोथीची किंमत कोणाला उरली नाही. तिची पाने सुटी झाली, आणि पुढे काही तुकडे दुसऱ्याच पुस्तकांच्या बांधणीत पुठ्ठ्याच्या अस्तराला लावलेले सापडले. आपल्याकडे जुन्या दफ्तरांतील कागदांत वाण्यांनी पुड्या बांधल्या, त्याचाच हा युरोपीय प्रकार. मिकिलसला ती पोथी मिळण्यापूर्वीच तिचे अस्तर झाले असते, तर अग्नोदिके हे नाव आज कोणाच्या ओठी नसते.

आता शहानिशेकडे वळू. कथेच्या पहिल्याच वाक्याला बाध आणणारा साक्षीदार अथेन्समधला सर्वांत प्रसिद्ध माणूस आहे. सॉक्रेटिसची आई फेनारेटी ही सुईण होती, आणि आपण आईचाच धंदा पुढे चालवीत आहोत, फरक इतकाच की ती देहांची प्रसूती करवी आणि आपण विचारांची, असे तो मोठ्या अभिमानाने सांगे. प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्या संवादात सुइणींच्या कामाची चांगली माहितीही येते. ज्यांचे स्वतःचे मूल होण्याचे वय उलटून गेले आहे अशा बायका हे काम करतात, त्या औषधांनी आणि मंत्रांनी वेणा वाढवू किंवा कमी करू शकतात, आणि कोणत्या वराला कोणती वधू शोभेल हेही त्यांना उत्तम कळते. सॉक्रेटिसला विषाचा प्याला देण्यात आला इ.स.पू. 399 साली. म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये सुइणींचा धंदा इतका रुळलेला होता की, तत्त्वज्ञ आपल्या कार्याला त्याची उपमा देत आणि ऐकणाराला ती चटकन कळे.

दुसरी अडचण कायद्याची. स्त्रियांना वैद्यक शिकण्यास मनाई करणाऱ्या अथेन्सच्या एखाद्या कायद्याचा मागमूस कथेबाहेर कोठेही लागत नाही; आणि ग्रीक वैद्यकाची व्यवस्था ज्याला ठाऊक आहे, त्याला असा कायदा कसा अमलात आणणार हाच प्रश्न पडेल. त्या काळी ग्रीसमध्ये वैद्यांची परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, सनद नव्हती आणि नोंदवहीही नव्हती. बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून शिष्याकडे विद्या जाई, आणि ज्याच्याकडे रोगी जात तो वैद्य, इतका साधा हिशेब होता. काही नगरराज्ये पगारी सार्वजनिक वैद्य नेमीत, पण ज्याची नेमणूक झाली नाही त्याला औषध देण्याची बंदी नव्हती. जेथे आत जाण्याचा दरवाजाच बांधलेला नाही, तेथे त्याला कुलूप कोण लावणार?

तिसरी अडचण गुरूची. कथेतील हेरोफिलस म्हणजे कॅल्सिडॉनचा सुप्रसिद्ध हेरोफिलस धरला, तर कथेचा काळ इ.स.पू. 300 च्या आगेमागे येतो. पण त्याची कर्मभूमी अथेन्स नसून टॉलेमी राजांचे अलेक्झांड्रिया होते. मनुष्यदेहाचे पद्धतशीर विच्छेदन करणारा, मेंदू हे बुद्धीचे स्थान ठरविणारा, मज्जातंतूंचा माग काढणारा, आणि रोग्याची नाडी जलघटिकेने मोजणारा असा हा विलक्षण पुरुष होता. गुन्हेगारांची जिवंतपणी चिरफाड केल्याचा आरोपही रोमन लेखक सेल्ससने त्याच्यावर केलेला आहे. स्त्रियांच्या शरीररचनेत त्याने खास लक्ष घातले. अंडाशयांचे वर्णन करून त्यांची तुलना त्याने पुरुषाच्या वृषणांशी केली. गर्भाशय हा कोणी शरीरभर भटकणारा, रुसणारा प्राणी नसून इतर अवयव ज्या द्रव्याचे घडलेले असतात त्याच द्रव्याचा तोही आहे, असे मत मांडले. आणि प्रसूतिविद्येवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अग्नोदिकेला गुरू जोडून देताना कथाकाराला याच्याइतका योग्य माणूस सापडला नसता, आणि म्हणूनच शंका येते. अशा सोयीस्कर गाठी प्रत्यक्षापेक्षा आख्यानांत अधिक पडतात.

राहिला न्यायसभेतील प्रसंग, आणि सबंध कथेचे नाट्य तर त्यातच आहे. परंतु हे नाट्य ग्रीकांना नवीन नव्हते. धर्मनिंदेच्या आरोपावरून न्यायालयात उभ्या केलेल्या फ्रायनी या गणिकेचा बचाव करताना वक्ता हायपरिडीस याने युक्तिवाद फसत चालल्याचे पाहून तिचे वस्त्र ओढले आणि उघड्या सौंदर्याने न्यायाधीशांना जिंकले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. मात्र तिच्या काळाला जवळच्या असलेल्या एका विनोदी कवीच्या साक्षीप्रमाणे तिने फक्त एकेका न्यायाधीशाचा हात धरून रडत विनवणी केली. वस्त्र मागाहून फेडले गेले ते कथेत. एल्युसिसच्या पुराणकथेत कन्येच्या शोकाने खिन्न झालेल्या दिमीतर देवीला बाउबो नावाची बाई आपले वस्त्र वर करून हसविते. रणांगणातून पळ काढून आलेल्या इराणी सैनिकांसमोर त्यांच्याच आयाबायांनी वस्त्रे उचलून त्यांना लाजविले आणि पुन्हा लढाईस धाडले, असेही प्लूटार्क सांगतो. अग्नोदिकेच्या कथेत हे सारे धागे एकत्र विणलेले दिसतात. हेलन किंग या इंग्रज विदुषीने हायजिनसच्या परिच्छेदाचा याच दिशेने अतिशय बारकाईने अभ्यास केलेला आहे, आणि तो वाचल्यावर अग्नोदिके ही ऐतिहासिक व्यक्ती होती असे छातीठोकपणे म्हणणे कठीण होऊन बसते.

तरीही ही कथा म्हणजे शुद्ध थाप असे म्हणून तिची बोळवण करता येत नाही, कारण तिच्यात वर्णिलेली लज्जा खरी होती. युरिपिडीजच्या ‘हिपॉलिटस’ या इ.स.पू. 428 मधील नाटकात आजारी फीड्राला तिची दाई विचारते ते याच लज्जेला धरून. दुखणे चारचौघांत सांगण्याजोगे नसेल तर उपाय करायला आम्ही बायका आहोत, आणि पुरुषांच्या कानांवर घालण्याजोगे असेल तर सांग, म्हणजे वैद्यांना कळविता येईल. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंभारातील स्त्रीरोगांवरच्या ग्रंथात तर एका वैद्याची चक्क कबुली आहे. तरुण, अननुभवी स्त्रियांना आपल्याला काय होते आहे हे उमगत नाही, आणि उमगले तरी बोलण्याची लाज वाटते. वैद्यही नीट चौकशी न करता पुरुषांच्या रोगासारखेच उपचार करतात, आणि तोवर रोग हाताबाहेर जाऊन बायका दगावतात, अशी त्याची तक्रार आहे. त्या ग्रंथांत ठिकठिकाणी रोगिणीने स्वतः, किंवा दुसऱ्या बाईने, बोटाने तपासून वैद्याला सांगावे अशी योजना आढळते. विद्या एका हातात आणि स्पर्शाची मुभा दुसऱ्या हातात, अशी ही विभागणी होती. अग्नोदिकेच्या कथेने हे दोन्ही हात एकाच देहाला जोडून दिले, एवढेच तिचे कर्तृत्व. पण ते थोडे नाही.

आणि असा देह प्रत्यक्षातही होऊन गेला, याची साक्ष दगडात कोरलेली आहे. अथेन्सच्या उत्तरेस, प्राचीन अखार्नायच्या परिसरातील मेनिदी येथे, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याची एक स्मारकशिला सापडली. ती फानोस्त्राते नावाच्या स्त्रीची आहे, आणि तिच्यावरील लेखात ती सुईण तर म्हटली आहेच, शिवाय पुरुषांना लावीत त्याच शब्दाने तिला वैद्यही म्हटले आहे. तिने कोणाला दुःख दिले नाही आणि तिच्या मरणाने सर्वांना दुःख झाले, एवढेच लेखाचे पुढचे तात्पर्य. कालानुक्रम लावून पाहिला तर असे दिसते की, अग्नोदिकेचा तथाकथित गुरू हेरोफिलस अजून जन्मालाही आला नव्हता किंवा पाळण्यात होता, त्या वेळी अथेन्सनजीक एक बाई उजळ माथ्याने, स्वतःच्या नावाने, कोणाचाही वेष न घेता वैद्यकी करून सन्मानाने मृत्यू पावली होती. तिच्यावर खटला भरला गेल्याचे कोठे नमूद नाही, आणि बहुधा म्हणूनच तिची कथा झाली नाही.

ती एकटी नव्हती. आशिया मायनरमधील लिसिया प्रांतातील ट्लॉस या गावी अँटिओखिस नावाच्या स्त्री-वैद्याच्या पुतळ्याची बैठक मिळाली आहे. तिच्यावरील लेखावरून दिसते की, गावच्या सभेने आणि नागरिकांनी तिचे वैद्यकीय नैपुण्य रीतसर मान्य केले होते, आणि त्या सन्मानाखातर तिने स्वतःचा पुतळा उभारला होता. प्रसिद्ध वैद्य गेलेन याच्या ग्रंथांतही अँटिओखिस या नावाने औषधयोग दिलेले आढळतात.

या स्त्रियांचे रोजचे काम कसे चाले याचे जिवंत चित्र पाहावयाचे तर इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या एफेससच्या सोरेनस या ग्रीक वैद्याच्या स्त्रीरोगविषयक ग्रंथाकडे जावे लागते. सुईण कशी असावी याची त्याने यादी दिली आहे. तिला लिहितावाचता यावे, म्हणजे केवळ हातोटीवर न विसंबता शास्त्रही शिकता येईल. स्मरणशक्ती चांगली असावी. घरोघरची गुपिते कानांवर येणार म्हणून ती तोंडाची बंद असावी. पैशाची हावरी नसावी. मद्याच्या आहारी गेलेली नसावी. आणि एखाद्या स्वप्नाला किंवा अपशकुनाला भिऊन हातचे काम टाकणारी तर मुळीच नसावी. तिची बोटे लांबसडक व सडपातळ असावीत आणि नखे आखूड कापलेली असावीत. तिला स्वतःला मूल झालेले असलेच पाहिजे हा आग्रह मात्र त्याला मान्य नाही. प्रसूतीसाठी बैठकीत चंद्रकोरीसारखी फट असलेली खुर्ची, दोन बाजूंना दोन आणि पाठीशी एक अशा धीर देणाऱ्या तीन बायका, समोर थोडी खाली बसलेली सुईण, आणि जवळ कोमट तेल, अशी सारी मांडणी तो तपशीलवार सांगतो. नाळ पोटापासून चार बोटे अंतर ठेवून कापावी, आणि ती धारदार लोखंडी हत्याराने कापावी, असे त्याचे सांगणे आहे. कारण तान्ह्या जिवाला लोखंड लावणे अशुभ मानून पुष्कळ सुइणी काचेचा तुकडा, बोरूचे सालपट, खापरी, इतकेच काय पण पावाचा कडक पापुद्राही वापरीत. सोरेनसने या समजुतीला हास्यास्पद ठरवून तेथल्या तेथे मोडीत काढले आहे. हे पान वाचताना अग्नोदिकेच्या नाट्यापेक्षा अधिक खरे काहीतरी हाती लागल्यासारखे वाटते, हे मला कबूल केले पाहिजे.

पण इतिहासाने निवड केली ती नाट्याची. मिकिलसच्या आवृत्तीनंतर अर्धे शतकही लोटले नाही तोच फ्रान्समधील प्वातिए येथील कॅथरीन दे रोश या कवयित्रीने अग्नोदिकेवर दीर्घ काव्य रचले आणि स्त्रियांपासून विद्या दूर ठेवणाऱ्या पुरुषी मत्सराला त्यात लक्ष्य केले. शंभर वर्षांनी लंडनमधील एलिझाबेथ सेलियर या कॅथलिक सुइणीने ही कथा आपल्या कैफियतीत दाखल केली. ही बाई काही साधीसुधी नव्हती. 1680 साली तिच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन ती निर्दोष सुटली, आणि सुटल्यावर स्वतःच्या समर्थनार्थ तिने जे पुस्तक छापले त्यापायी अब्रुनुकसानीच्या आरोपाखाली पुन्हा पकडली जाऊन हजार पौंड दंड आणि भर चौकात खोड्यात उभे राहण्याची सजा तिने भोगली. तिने 1687 च्या जून महिन्यात दुसऱ्या जेम्स राजाकडे सुइणींची स्वतंत्र संस्था राजाज्ञेने स्थापन करावी असा मसुदा सादर केला, आणि पुढच्या वर्षी एका वैद्याच्या आक्षेपांना उत्तर देताना अग्नोदिकेचा दाखला पुढे केला. त्याच वर्षी राजाला गादी सोडून पळावे लागले आणि मसुदा कागदावरच राहिला.

अग्नोदिकेच्या कथेला खरा जोर चढला एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे कारण माझ्या मते स्वच्छ आहे. प्राचीन अथेन्समध्ये जो कायदा नव्हता, तो या शतकातील युरोपात होता. विद्यापीठे, पदव्या, परवाने, आणि 1858 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये निघालेली वैद्यांची अधिकृत नोंदवही, यांनी दरवाजा आता पक्का बांधलेला होता, आणि त्याला कुलूपही लागलेले होते. वेषांतराची कल्पनाही आता पुराणातली राहिली नव्हती. 1812 साली एडिंबरोची पदवी घेऊन ब्रिटिश लष्करात शल्यवैद्य झालेले, 1826 साली केपटाउनमध्ये पोट चिरून प्रसूती करवून आई व मूल दोघांनाही वाचविणारे जेम्स बॅरी 1865 साली वारल्यावर, ते जन्माने स्त्री होते ही बातमी सर्वत्र पसरली. त्याच एडिंबरोत 1869 साली सोफिया जेक्स-ब्लेक, ईडिथ पीची आणि त्यांच्या सहकारिणी उघडपणे स्त्री म्हणून दाखल झाल्या, तेव्हा 18 नोव्हेंबर 1870 रोजी शारीरशास्त्राच्या परीक्षेला जाताना जमावाने त्यांची वाट अडविली, त्यांच्यावर चिखलफेक केली, आणि परीक्षेच्या दालनात एक मेंढरू घुसविले. विद्यापीठाने त्यांच्या हयातीत त्यांना पदवी दिली नाही. ब्रिटिश पार्लमेंटने 1876 साली कायदा करून परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांना परवाना देण्याची मोकळीक दिली. हायजिनसच्या परिच्छेदातील शेवटचे वाक्य खऱ्या अर्थाने अमलात आले ते तेव्हा.

याच ईडिथ पीची 1883 साली मुंबईस आल्या, आणि 1886 साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ज्या वर्षी त्या इकडे आल्या त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मागताना त्यांनी आपल्या अर्जात जे कारण दिले, ते हायजिनसच्या कथेतील पहिल्या वाक्यांशी विलक्षण जुळते. माझ्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्याची निकड आहे, पण ते पुरुष वैद्याच्या हातून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, असा त्याचा आशय होता. आनंदीबाईंनी अग्नोदिकेचे नाव घेतलेले नाही, आणि त्यांना ते घेण्याची गरजही नव्हती; कल्याण-अलिबागकडच्या माजघरांत जे घडत होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि दहा दिवसांचे आपले मूलही गमावले होते. केस कापण्याऐवजी त्या साडी नेसून वर्गात बसल्या, हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, येथे वैद्यकी सुरू करण्यापूर्वीच, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला.

तेव्हा अग्नोदिकेच्या बाबतीत निकाल काय द्यावयाचा? इतिहासाच्या दरबारात तिचा पुरावा अपुरा आहे, आणि तिला ‘पहिली स्त्री-वैद्य’ हा किताब देणे पुराव्याला धरून नाही. वैद्यकाच्या इतिहासावर मराठीत पुस्तके आणि पाठ लिहिणारांना माझी विनंती एवढीच आहे की, अग्नोदिकेची कथा त्यांनी अवश्य सांगावी, पण ती कथा म्हणून सांगावी; आणि ग्रीक स्त्री-वैद्यांच्या प्रकरणात पहिले नाव घालावयाचे ते मेनिदीच्या फानोस्त्रातेचे घालावे.